दहा जणांचं ऐकलंत, आता आम्हा दोघींचं ऐका: लुईझियानाच्या विधिमंडळाला खुलं पत्र

प्रति,
लुईझियाना विधिमंडळ, हाऊसचे १०५ आणि सिनेटचे ३९ सन्माननीय सदस्य,
बॅटन रूज

स. न. वि. वि.

हे पत्र इंग्रजीत माझ्या भागाच्या रिप्रेझेंटेटिव्हला आणि सिनेटरला ईमेलने पाठवून झालंय. दोन्हीकडून तुमचा संदेश मिळाला, आभारी आहोत असा ऑटोमॅटिक रिप्लाय आला आणि पुढे शांतता. म्हणून आता तेच मराठीत सगळ्यांसमोर ठेवतेय. तुमच्यापैकी कुणाला मराठी वाचता येत नाही हे मला माहितीये, पण तुमच्या राज्यात मराठी माणसं राहतात, टॅक्स भरतात, मतदान करतात आणि त्यातल्या निम्म्यांना वाटतं की बारा नागरिकांच्या ज्युरीतल्या दहाच जणांच्या मताने लागलेल्या निकालांचा हा विषय आपला नाही, काळ्या-गोऱ्यांचं काय ते त्यांचं ते बघतील. तो आपला कसा आहे तेही पुढे येईलच, कारण असल्याच अर्धवट निकालावर आपला एक माणूस मंडालेला गेला होता. पण आधी माझं सांगते.

मी मूळची साताऱ्याची. न्यू ऑर्लिन्सच्या आसपास बावीस वर्षं राहतेय, औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. २०११ मध्ये सिटिझन झाले आणि २०१४ च्या सुरुवातीला ज्युरी ड्यूटीचं समन्स आलं. मैत्रिणींनी लगेच युक्त्या सांगितल्या, इंग्लिश नीट येत नाही म्हण, सासूबाई आजारी आहेत म्हण, पोलिसांवर विश्वास नाही म्हण की लगेच सोडतात. मला उलट हौस होती. आपल्याकडे कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात आणि इथे कोर्टच मला बोलवतंय, माझ्या मताला विचारतंय, याचं मला खरंच अप्रूप वाटलं होतं. ऑफिसला जाताना घालते तो चांगला ब्लेझर इस्त्री करून घातला, डब्यात पोळीभाजी घेतली आणि गेले.

केस आर्म्ड रॉबरीची होती. रात्री साडेअकराच्या सुमाराला एका माणसाला रस्त्यात गाठून पिस्तूल दाखवून पाकीट आणि फोन काढून घेतला. आरोपी वीस वर्षांचा काळा मुलगा. पिस्तूल सापडलं नाही, फोन सापडला नाही, पाकीट नाही, बोटांचे ठसे नाहीत. होता तो एकच साक्षीदार, ज्याला लुटलं तो, आणि त्याने नंतर पोलिसांनी दाखवलेल्या सहा फोटोंमधून या मुलाचा फोटो ओळखला. त्या माणसाबद्दल मला आजही काही वाईट बोलायचं नाहीये, तो खोटं बोलत होता असं मला एक क्षणही वाटलं नाही, तो थरथरत होता हो सांगताना. पण लुटणाऱ्याने हुडी घातलेली, चेहरा पाहिला तो काही सेकंद, आणि मी फार्मसीत रोज शेकडो चेहरे बघते, चार वर्षं येणाऱ्या गिऱ्हाइकाला दुसऱ्याच नावाने हाक मारलीये मी.

दोन दिवसांत केस संपली. शेवटी जजनी आम्हाला सूचना वाचून दाखवल्या, रीझनेबल डाऊट म्हणजे काय वगैरे, आणि त्यातच एक वाक्य होतं की बारापैकी दहा जणांचं एकमत झालं की तो निकाल. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी आयुष्यभर जेवढं काही या देशातल्या ज्युरीबद्दल ऐकलं होतं त्यात बाराच्या बारा जण एका मताचे व्हावे लागतात एवढं एकच पक्कं माहीत होतं.

आता ती खोली. एक लांब टेबल, बारा खुर्च्या, कोपऱ्यात कॉफीचं मशीन आणि मधोमध किंग केक, कारण कार्निव्हलचे दिवस होते. बाहेरच्या मराठी वाचकांसाठी, मार्डी ग्राच्या आधी इथे घरोघरी हा केक असतो, वर जांभळी, हिरवी, सोनेरी साखर, आणि आत एक छोटंसं प्लॅस्टिकचं बाळ लपवलेलं, ज्याच्या तुकड्यात बाळ येईल त्याने पुढचा केक आणायचा. फोरमन, म्हणजे ज्युरीचे प्रमुख, म्हणून एक साठीचे गृहस्थ झाले, वागायला अगदी सभ्य. त्यांनी वहीच्या कागदाच्या चिठ्ठ्या फाडून वाटल्या. पहिल्या फेरीत आठ गिल्टी, चार नॉट गिल्टी. मग बोलणं सुरू झालं, म्हणजे आठ जण बोलले. दोघांनी पंधरा-वीस मिनिटांत मत बदललं, एकाला मुलाला शाळेतून आणायचं होतं हे त्याने मोकळेपणाने सांगितलंही. दुसरी फेरी. चिठ्ठ्या उलगडत असतानाच एका बाईच्या तुकड्यात ते बाळ आलं आणि सगळे हसले, मीही हसले, आणि फोरमन म्हणाले दहा झाले.

माझा एक प्रश्न होता. कोपऱ्यावरच्या दिव्याचा. ज्या जागी लुटलं तिथला फोटो आम्हाला दाखवला होता तो दिवसा काढलेला होता. त्यात दिव्याचा खांब दिसत होता, पण त्या रात्री तो दिवा चालू होता का हे दोन दिवसांत ना सरकारी वकिलाने विचारलं ना त्या मुलाच्या वकिलाने. मला चिठ्ठी पाठवून जजना एवढंच विचारायचं होतं की साक्षीतला त्या जागेबद्दलचा भाग आम्हाला पुन्हा ऐकायला मिळेल का. फोरमन मला म्हणाले, मॅम, आपले दहा झालेत, आता त्याची गरज नाही. रागाने नाही म्हणाले, समजावून सांगितल्यासारखं म्हणाले, दुकान बंद व्हायच्या वेळी आलेल्या गिऱ्हाइकाला सांगतात तसं. आणि उठून त्यांनी दारावर टकटक केली.

सगळं मिळून तासभरही लागला नव्हता. कोर्टात आम्हाला एकेक कागद दिला, हा तुमचा निकाल आहे का, हो किंवा नाही. मी नाही लिहिलं. जजनी कागद मोजले, निकाल कायदेशीर आहे म्हणाल्या, कागद क्लार्ककडे गेले. त्या मुलाला पुढे चाळीस वर्षं झाली. आर्म्ड रॉबरीला तुमच्या कायद्यात दहा ते नव्याण्णव वर्षं आहेत आणि पॅरोल, म्हणजे मुदतीआधीची सुटका, नाही, म्हणजे पूर्ण शिक्षा भोगून तो बाहेर येईल तेव्हा साठीचा असेल.

दुसरं नाही लिहिणाऱ्या बाई निवृत्त स्कूल बस ड्रायव्हर होत्या, सत्तरीच्या, काळ्या. पार्किंगमध्ये मी रडवेली झाले होते. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, बेबी, तू नवीन आहेस, हे माझ्या आजोबांच्या वेळपासून असंच आहे. मला तेव्हा वाटलं की म्हातारं माणूस बोलतं तसं बोलल्या असतील. घरी येऊन वाचायला बसले तर त्या अक्षरशः वर्षाला वर्ष लावून बोलत होत्या.

तुम्हाला हा इतिहास माहितीये, तुमच्याच आधीच्या लोकांनी घडवलाय, पण वाचणाऱ्यांसाठी सांगते. १८८० मध्ये लुईझियानाने कायदा केला की बारापैकी नऊ ज्युररचं मत पुरे. मग १८९८ मध्ये न्यू ऑर्लिन्सला घटना परिषद भरली आणि ते थेट राज्यघटनेत घातलं. त्या परिषदेत एका समितीच्या अध्यक्षाने उघड बोलून दाखवलं की आपलं काम या राज्यात गोऱ्या वंशाचं वर्चस्व कायम करणं हे आहे. काळ्यांना ज्युरीतून सरळ वगळलं तर फेडरल सरकार चौकशी लावणार, मग वगळायचंच कशाला, बसू द्यावं एक-दोघांना, फक्त त्यांच्या मताने काही अडणार नाही अशी तजवीज करावी. काय डोकं आहे बघा! मतदानाच्या हक्काचंही तसंच, ज्याचा बाप किंवा आजा १८६७ च्या आधी मतदार होता त्याला परीक्षा माफ. १९७४ च्या नव्या घटनेत नऊचे दहा केले आणि बाकी सगळं तसंच राहिलं. म्हणजे मी ज्या खोलीत बसले होते तिथला नियम माझ्यासारखीचं आणि त्या बस ड्रायव्हर बाईंसारखीचं मत मोजायला लागू नये म्हणूनच बनवलेला होता. नियमाने आपलं काम चोख केलं म्हणायचं.

आता मराठी माणसांनो, हे १८९८ साल डोक्यात ठेवा. न्यू ऑर्लिन्सला ही परिषद फेब्रुवारी ते मे चालली तेव्हा लोकमान्य टिळक तुरुंगात होते. कशावरून? १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यावरून. मुंबई हायकोर्टात नऊ जणांची ज्युरी होती, सहा युरोपियन आणि तीन भारतीय. निकाल सहा विरुद्ध तीन. सहा कोण आणि तीन कोण हे सांगायला नको. दीड वर्षाची सक्तमजुरी. पुन्हा १९०८, सात युरोपियन आणि दोन पारशी, २२ जुलैच्या रात्री निकाल आला, सात विरुद्ध दोन, आणि सहा वर्षं काळं पाणी, म्हणजे मंडाले. ज्युरीने काहीही म्हटलं तरी मी निर्दोष आहे हे टिळकांचं उत्तर आपण शाळेत पाठ केलं, मुंबई हायकोर्टात त्याची संगमरवरी पाटी आहे, माझ्या वकील भावाने मला ती कोर्टात नेऊन दाखवली होती. पण तेव्हा ती वाचताना माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही की ज्युरी म्हणजे सगळी ज्युरी नव्हे, त्या नऊ जणांत दोघे होते ज्यांनी दोषी नाही असं सांगितलं होतं. एकमताची अट असती तर त्या रात्री निकालच लागला नसता. त्या दोघा पारशांची नावं आपल्यापैकी किती जणांना सांगता येतील? मला तरी नाही येत.

मंडळाच्या पिकनिकला मी हे बोलले तर एक काका म्हणाले, अगं पण नानावटीच्या केसमध्ये बघितलंस ना ज्युरीने काय गोंधळ घातला. बघितलं की. ती ज्युरी आठ विरुद्ध एक होती आणि तिने निर्दोष सोडलं होतं, जजना ते पटलं नाही म्हणून केस हायकोर्टात गेली आणि तिथे शिक्षा झाली. आपल्याकडे तेव्हा एकमताची अट नव्हतीच, त्यामुळे एकमताची ज्युरी वाईट ठरवायला नानावटीचं उदाहरण कामाचं नाही. असो, काका शेवटी बार्बेक्यूकडे वळले.

सन्माननीय सदस्य, आता माझ्या तक्रारी. बऱ्याच आहेत, पण ज्या झोप उडवतात त्याच सांगते.

पहिली म्हणजे तुमचा नियम स्वतःच्याच हिशेबाने उलटा होता. फाशीच्या केसला बाराच्या बारा लागायचे. छोट्या गुन्ह्यांना सहा जणांची ज्युरी, तिथे १९७९ पासून सहाच्या सहा लागतात कारण सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध एक चालणार नाही असं तुमच्याच एका केसमध्ये सांगितलं. आणि मधले जे गुन्हे, ज्यात माणूस नव्याण्णव वर्षं किंवा मरेपर्यंत आत जाऊ शकतो, तिथे मात्र दहा पुरे! या राज्यात जन्मठेप म्हणजे खरोखर मरेपर्यंत, पॅरोल नाही. कमी शिक्षेला सगळ्यांचं मत पाहिजे आणि आख्खं आयुष्य घ्यायला दोघांना बाजूला ठेवलं तरी चालतं, हे मला कुणीतरी सरळ शब्दांत समजावून सांगा. मी दुकानात झोपेच्या गोळ्या देताना दोनदा तपासते आणि खोकल्याचं औषध देताना एकदा, उलटं केलं तर माझं लायसन्स जाईल.

दुसरी तक्रार, दहावर थांबायची परवानगी दिली की माणसं दहावर थांबतात. हा नुसता मोजणीचा प्रश्न नाहीये. बाराच्या बारा लागणार असते तर माझ्या दिव्याच्या प्रश्नाला थांबावंच लागलं असतं कुणाला तरी. कदाचित दिवा चालू होता असं निघालं असतं आणि मीच मत बदललं असतं, ती शक्यता मी आजही नाकारत नाही. पण विचारायचीच गरज नव्हती ना. हे माझ्या एकटीचं रडगाणं नाही, इथल्याच वर्तमानपत्राने बारा ज्युररच्या जवळपास हजार दोषी निकालांचे आकडे गोळा केले तर त्यातले सुमारे ४० टक्के एकमताशिवायचे निघाले, २०१९ मध्ये त्या कामाला पुलित्झर मिळालं. शंभरातले चाळीस. अपवाद कसला, रोजचा धंदाच तो.

तिसरी आणि सगळ्यात मोठी. २०१८ मध्ये तुम्हीच, दोन्ही पक्षांनी मिळून, घटनादुरुस्ती लोकांसमोर ठेवली, त्याबद्दल मनापासून आभार आणि हे मी उपहासाने म्हणत नाहीये. ६ नोव्हेंबरला मी लाईनमध्ये उभी होते. ६४ टक्के लोकांनी हो म्हटलं. रिपब्लिकन, डेमोक्रॅट, गावाकडचे, शहरातले, सगळ्यांनी. पण दुरुस्तीत लिहिलं होतं की १ जानेवारी २०१९ पासून पुढे घडलेल्या गुन्ह्यांनाच ती लागू. म्हणजे ३१ डिसेंबरच्या रात्री अकराला केलेला गुन्हा आणि मध्यरात्रीनंतरचा गुन्हा यांना वेगळं माप.

मग २० एप्रिल २०२०, रामोस विरुद्ध लुईझियाना. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने सहा विरुद्ध तीन असं सांगितलं की देशाच्या घटनेच्या सहाव्या दुरुस्तीतली ज्युरी म्हणजे एकमताचीच ज्युरी, सगळ्या राज्यांना लागू. (हो, सहा विरुद्ध तीन. जजना एकमत लागत नाही, हा विनोद आमच्याकडे प्रत्येकाने करून झालाय.) ज्याच्या नावाने ती केस आहे त्याला २०१६ मध्ये दहा विरुद्ध दोन मतांनी जन्मठेप झाली होती. त्याची केस पुन्हा चालली आणि २०२३ मध्ये नव्या ज्युरीने त्याला निर्दोष सोडलं. परत वाचा हे वाक्य प्लीज. जुन्या नियमाने तो मरेपर्यंत आत होता.

पण त्याचं अपील तेव्हा चालू होतं म्हणून त्याला फायदा झाला. ज्यांची अपिलं संपली होती त्यांचं काय? मे २०२१ मध्ये एडवर्ड्सच्या केसमध्ये फेडरल सुप्रीम कोर्ट म्हणालं की जुन्या निकालांना हे मागे जाऊन लागू नाही. त्या एडवर्ड्सच्या ज्युरीत एकच काळा ज्युरर होता आणि त्याने प्रत्येक आरोपावर नॉट गिल्टी म्हटलं होतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये आपल्या राज्याच्या सुप्रीम कोर्टानेही हात वर केले. २०२० च्या वेळी असा अंदाज होता की अशा निकालांवर आत असलेले दीड हजारांच्या वर लोक आहेत, त्यातले बहुतेक काळे. माझ्या केसमधला मुलगा यांच्यातच येतो. घटनाबाह्य ठरलेल्या पद्धतीने शिक्षा झाली हे सगळ्यांना मान्य आहे, फक्त तारीख चुकली त्याची.

आणि हे तुम्हाला पत्र का, कोर्टाला का नाही, तर त्याच एडवर्ड्सच्या निकालात लिहिलंय की राज्यांना हवं तर आपल्या कायद्याने त्यांनी जुन्या केसेसना हा नियम लावावा, त्यांना मोकळीक आहे. म्हणजे कोर्टांची दारं संपली आणि राहिलं ते तुमचं. तुमच्यासमोर यावर बिलं आली, काही कमिटीत अडली, काही पुढे जाऊन पडली. मी एका सुनावणीचं व्हिडिओ स्ट्रीमिंग लंच ब्रेकमध्ये फोनवर बघितलं, अर्धं सँडविच हातात तसंच राहिलं. नियम चुकीचा होता हे बोलणाऱ्या प्रत्येकाने मान्य केलं आणि मग पण... असं म्हटलं.

तर त्या पण बद्दल बोलू. साक्षीदार वारले, फाईली हरवल्या, इतक्या जुन्या केसेस पुन्हा कशा उभ्या करायच्या. मान्य, अवघड आहे. पण ओरेगॉनने केलं. तुमच्याशिवाय हा नियम ठेवणारं तेच एक राज्य होतं, १९३४ पासून, आणि त्याची जन्मकथाही काही स्वच्छ नाही, एका ज्यू आरोपीच्या केसमध्ये एक ज्युरर अडून बसला म्हणून लोक खवळले आणि नियम बदलला. तिथल्या सुप्रीम कोर्टाने ३० डिसेंबर २०२२ ला सांगितलं की जुन्या सगळ्यांना लागू. शेकडो केसेस पुन्हा उघडल्या, काहींचं सेटलमेंट झालं, काही पुन्हा चालल्या, काही सोडून दिल्या. राज्य चालू आहे.

मग इंग्लंडचं नाव येतं, तिथे तर १९६७ पासून दहा विरुद्ध दोन चालतं ना. चालतं. पण तिथे किमान दोन तास बारा जणांनी एकमतासाठी बसायलाच लागतं आणि त्यानंतर जजने परवानगी दिली तरच दहावर येता येतं, आणि ते आणलं गेलं ते ज्युररना पैसे चारणारे, धमकावणारे गुंड होते म्हणून. आमच्या खोलीत एक तासही झाला नव्हता आणि कुणी कुणाला धमकावलं नव्हतं, फक्त केक संपत आला होता.

तिसरा पण मला गप्प करतो, तो म्हणजे ज्यांच्यावर गुन्हा झाला ती माणसं. ज्याला लुटलं तो माणूस पुन्हा उभा राहून तेच सांगेल का, त्याच्यावर हा अन्याय नाही का. आहे. मी त्याचा थरथरता हात बघितलाय. पण त्याला ही वेळ त्या मुलाने किंवा माझ्या नाही ने नाही आणली, पहिल्याच वेळी केस नीट, पूर्ण, बारा जणांच्या मताने न चालवणाऱ्या राज्याने आणली. आणि माणूसच चुकीचा पकडला गेला असेल तर त्याला लुटणारा दहा वर्षं बाहेर फिरतोय, त्यात त्याचा काय फायदा?

दोन वर्षांपूर्वी पुण्याहून नणंद आणि तिचे मिस्टर आले होते, त्यांना ऑक्टोबरमध्ये अँगोलाच्या जेलचा रोडिओ बघायचा होता. लोक हौसेने जातात, आम्हीही गेलो. १८,००० एकरांचं जेल, पूर्वीचं प्लांटेशन, ज्या देशातून गुलाम आणले त्याचंच नाव अजून आहे, तीन बाजूंनी मिसिसिपी. कैद्यांनी केलेल्या वस्तूंचा बाजार असतो तिथे, आरामखुर्च्या, चामड्याचे पट्टे, लाकडी पेट्या. काही कैदी मोकळे उभे असतात आणि काही जाळीच्या मागे, वस्तू पुढे आणि माणूस मागे. नणंदेने एक छोटी पेटी घेतली, भाव करायला गेली तर जाळीमागचा माणूस हसून म्हणाला घ्या, पाच डॉलर कमी द्या. नखं स्वच्छ, बोटांना वॉर्निशचा डाग. मी त्याच्या वयाचा हिशेब करत बसले. तो नव्हता, हा पन्नाशीचा होता. त्या मुलाला कुठल्या जेलमध्ये ठेवलंय हेही मला माहीत नाही, शोधायची हिंमत झालेली नाही. पण बाजारभर माझ्या डोक्यात एकच चालू होतं की यातला प्रत्येक जण किती विरुद्ध किती असेल. पेटी आता पुण्यात आहे, त्यात ती कुंकवाच्या डब्या ठेवते.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

ज्यांना ज्यांना दहा विरुद्ध दोन किंवा अकरा विरुद्ध एक अशा मतांनी दोषी ठरवलं (आणि १९७४ च्या आधीचे नऊ विरुद्ध तीनचे कुणी जिवंत असतील तर तेही) त्यांना नव्या खटल्यासाठी अर्ज करायचा हक्क कायद्याने द्या, अपील कधी संपलं याची तारीख न बघता. सोडून द्या असं मी म्हणत नाहीये. पुन्हा चालवा, बारा माणसं बसवा, बाराही पटले तर ठेवा आत.

मतं किती विरुद्ध किती होती याची नोंद कुठे आहे कुठे नाही. नोंद ठेवायचं काम कोर्टाचं होतं, ती हरवली तर भुर्दंड कैद्याला नको. आम्ही ज्युरर अजून जिवंत आहोत, आम्हाला विचारा, मी शपथेवर सांगायला तयार आहे.

या अर्जांसाठी सरकारी खर्चाने वकील द्या आणि पब्लिक डिफेंडरच्या, म्हणजे गरीब आरोपींना वकील देणाऱ्या, ऑफिसला त्यासाठी वेगळे पैसे द्या, नाहीतर हक्क कागदावरच राहील. गुन्ह्याला बळी पडलेल्यांना आधी कळवा, पेपरमध्ये वाचून कळायला नको, आणि त्यांच्या समुपदेशनाचा, येण्याजाण्याचा खर्च राज्याने करावा.

आणि हे सगळं एकदम जमणार नसेल तर निदान या लोकांना पॅरोल बोर्डासमोर उभं राहू द्या. ही माझी मागणी नाही, ही तडजोड आहे, आणि मी ती नाइलाजाने लिहितेय कारण तो मुलगा आता तिशी ओलांडून गेलाय.

पुढच्या अधिवेशनात हे बिल कमिटीसमोर येईल त्या दिवशी मी रजा टाकणार आहे, साक्षीचं कार्ड भरणार आहे. त्या बस ड्रायव्हर बाईंचा नंबर माझ्याकडे नाही, त्या असतील तर ऐंशीच्या पुढे असतील, कुणी ओळखत असाल तर त्यांना सांगा की मी येतेय आणि गाडीत जागा आहे. समितीने मला दोन मिनिटं दिली तरी चालतील. मला दिव्याबद्दल विचारायचंय.

कळावे,

आपली,
२०१४ ची एक ज्युरर, दोन मतांपैकी एक

ता. क. मराठी मंडळातल्या सगळ्यांना: समन्स आलं तर युक्त्या करू नका, जा. डबा न्या, कोर्टाच्या कॅन्टीनमध्ये व्हेज काही मिळत नाही.